साठी बुद्धी नाठी की मेंदूचा आजार?

(एका ऊस उत्पादक सभासदाकडून)



लागण, खोडवा, खताचे हप्ते, ठिबक यांवर आपल्या या अंकात दर वेळी काहीतरी वाचायला मिळते. उसावर लोकरी मावा दिसला की आपण पान उलटे करून बघतो. हुमणीची शंका आली की बुंधा उपटून मुळ्या बघतो. पण घरातला थोरला माणूस वर्ष-दोन वर्षे हळूहळू बदलत चालला तरी आपण "वय झालं" म्हणतो आणि गप्प बसतो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण अल्झायमर नावाचा आजार माझ्या घरात आठ वर्षे मुक्कामाला होता. तेवढ्या अधिकारावर आणि डॉक्टर मंडळींना विचारून, वाचून जे कळले त्यावर हे लिहीत आहे.

आमचे आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. कोणत्या रानाला कोणत्या तारखेला पाणी दिले हे वही न बघता सांगणारा माणूस. लागणीची नोंद चुकली तर कारखान्याचा माणूस आधी आप्पांना विचारायचा. अशा माणसाने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी एकाच प्लॉटला आठवड्यात दोनदा युरिया टाकला. विचारले तर म्हणाले, "मी कुठं टाकला? अजून टाकायचाय." आम्ही हसलो. मग तेच ते प्रश्न सुरू झाले. "तोड कवा येणार?" "पंधरा तारखेला, आप्पा." पाच मिनिटांनी पुन्हा, "तोड कवा येणार?" एकदा मळ्यातून घरी येताना ओढ्याजवळ वाट चुकले. पन्नास वर्षे पायाखालची वाट! गावातल्या पोराने हाताला धरून आणले.

तरीही आम्ही म्हणत होतो, साठी बुद्धी नाठी.

खरा भडका उडाला तो पैशावरून. उसाच्या हप्त्यातले अठरा हजार आप्पांनी बँकेतून काढून आणले होते. चार दिवसांनी ते सापडेनात. आप्पांनी भर चौकात सुनेचे नाव घेतले. "सूनबाईनं उचललं." वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. तिने घराचा कोपरान् कोपरा शोधला, देवाची शपथ घेतली. आप्पा ऐकेनात. रोज सकाळी नव्याने तोच आरोप. भावकीत कुजबुज झाली. खोटे कशाला सांगू, माझ्याही मनात शंका येऊन गेली. वहिनी माहेरी निघून गेली ती दीड महिना आली नाही.

त्या दीड महिन्यात आप्पांना कोणी अंगारा लावला, कोणी "बाहेरचं आहे" म्हणून देवऋषाकडे नेले. म्हातारचळ, बाधा, हेकटपणा, सगळी नावे देऊन झाली. आजार हे नाव तेवढे कोणी घेतले नाही.

फ्रँकफुर्टची बाई

पुढे या आजाराची माहिती काढताना जर्मनीतल्या एका बाईची हकिकत वाचनात आली आणि अंगावर काटा आला. तिचे नाव ऑगस्टे डेटर. नवरा रेल्वेत कारकून. संसार सरळ चाललेला, आणि पन्नाशीच्या आसपास ही बाई नवऱ्यावर नाही नाही ते संशय घेऊ लागली. मग स्वयंपाक चुकू लागला, वस्तू लपवून ठेवू लागली, घरातल्या घरात वाट चुकू लागली. १९०१ सालच्या नोव्हेंबरात नवऱ्याने तिला फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आणले तेव्हा ती ५१ वर्षांची होती.

तेथे आलोइस अल्झायमर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवली. नाव विचारले तर ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचे नाव? तेही ऑगस्टे असावे. दुपारच्या ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. काय खातेस असे विचारल्यावर ती म्हणाली, पालक. नाव लिही म्हटले तर 'श्रीमती' एवढे लिहिले आणि पुढचे विसरली. आपले काहीतरी हरवले आहे हे मात्र तिला जाणवत होते.

१९०६ साली ती वारली. डॉ. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मेंदू आक्रसला होता. पेशींच्या मधल्या जागेत चकत्यांसारखे काहीतरी साचले होते आणि पेशींच्या आत दोऱ्याच्या गुंत्यासारखे गुंते झाले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे सांगितले. सभेत कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही! १९१० साली एमिल क्रेपेलिन या त्यांच्या वरिष्ठांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले.

गंमत पुढेच आहे. ती बाई ५१ वर्षांची, म्हणून हा आजार तरुण-प्रौढांचाच, दुर्मिळ, असे डॉक्टरांनी धरले. सत्तरीचा माणूस विसरू लागला तर ते वय, आजार नव्हे. म्हणजे आपली 'साठी बुद्धी नाठी' तिकडच्या डॉक्टरांच्याही डोक्यात होती म्हणा ना. १९६०च्या दशकात वृद्धांचे मेंदू नीट तपासले गेले तेव्हा त्यांतही त्याच चकत्या, तेच गुंते सापडले. १९७६ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठासून मांडले की हा एकच आजार आहे आणि तो लाखो म्हाताऱ्या माणसांत आहे. शिकलेल्या डॉक्टरांना सत्तर वर्षे लागली, तिथे आम्हाला दीड-दोन वर्षे लागली याचे फार वाईट वाटून घेऊ नये, असे मी मनाला समजावतो.

पावती फाटत नाही

हा आजार नेमका काय करतो? आपल्या भाषेत सांगतो. काट्यावर उसाची गाडी आली, वजन झाले, गाडी गव्हाणीकडे गेली, पण पावती फाटलीच नाही आणि रजिस्टरला नोंदही झाली नाही. संध्याकाळी रजिस्टर उघडले तर ती गाडी आलीच नाही असे म्हणावे लागेल. मागची रजिस्टरे मात्र कपाटात शाबूत आहेत.

मेंदूत दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग असतो. नव्या घटनेची नोंद करण्याचे काम त्याचे. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा पहिला घाव त्याच भागावर बसतो. म्हणून सकाळी जेवलेले आठवत नाही आणि जुने सगळे आठवते. आप्पा १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला कुठे गेले, सुकडी कशी मिळायची, मुकादम कसा होता हे तासभर सांगत. ऐकणारा म्हणे, "ह्यांना काय झालंय? माझ्यापेक्षा जास्त आठवतंय!" नंतर जुनी कपाटेही एकेक करून जातात. आधी अलीकडची, मग मागची. शब्द सापडत नाहीत, माणसे ओळखू येत नाहीत, धोतर नेसता येत नाही, शेवटी घास गिळणेही जड जाते.

त्या चकत्या ॲमिलॉईड नावाच्या प्रथिनाच्या असतात आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे. लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून हा साठा होत असतो. तो नेमका कोणात आणि का होतो हे पुरते उलगडलेले नाही.

आता पैशाचा आरोप पाहा. आप्पांनी पैसे स्वतः ठेवले, पण ठेवल्याची पावती फाटली नाही. त्यांच्या दृष्टीने पैसे होते आणि आता नाहीत. मग कोणीतरी नेले असणार. आणि घरात दिवसभर वावरणारे कोण? सून. म्हणून सुनेचे नाव. यात आकस नाही, दुष्टपणा नाही. आपल्याच मेंदूने पाडलेले भगदाड तो माणूस सापडेल त्या कारणाने बुजवत असतो. दागिने, पैसे, कागद चोरीला गेल्याचा आरोप या आजारात ठिकठिकाणी आढळतो आणि तो बहुतेक वेळा सेवा करणाऱ्या माणसावरच येतो. ऑगस्टेच्या नवऱ्याचे जे झाले तेच आमच्या वहिनीचे झाले.

केवळ विसरणे एवढाच हा आजार नाही हे यावरून ध्यानात यावे. मनही ढासळते. सुरुवातीला माणसाला कळत असते की आपले काहीतरी चुकते आहे. तो चारचौघांत बसणे टाळतो, उदास होतो, चिडतो. दिवेलागणीला घालमेल वाढते. स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणतो. कोणाला नसलेली माणसे दिसतात. रात्री झोप नाही.

डॉक्टरांनी काय केले

अखेर जिल्ह्याच्या गावी मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी आप्पांना वार, महिना विचारला. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मग कागदावर घड्याळ काढायला दिले. आप्पांनी गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीने लिहिले. माझा चुलतभाऊ तिथेच डोळे पुसू लागला. ज्याला आम्ही हेका समजत होतो तो हेका नव्हता, हे त्या घड्याळाने दाखवले.

त्यानंतर रक्त तपासले आणि मेंदूचा फोटो काढला. ही तपासणी का महत्त्वाची ते नीट समजून घ्या. विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा नसतो. अंगात ब-१२ जीवनसत्त्व कमी झाले तरी विसर पडतो, आणि शाकाहारी घरांत हे बऱ्याचदा दिसते. ते इंजेक्शनने भरून काढता येते. थायरॉईड मंदावले तरी माणूस सुस्त आणि विसराळू होतो, त्याला गोळी आहे. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, वरून काही दिसले नाही, आणि काही आठवड्यांनी बोलण्यात गोंधळ सुरू झाला तर कवटीच्या आत रक्त साकळलेले असू शकते. ते शस्त्रक्रियेने काढता येते. बायको गेल्यावर किंवा कर्जाच्या काळजीने मन खचलेला म्हातारा माणूसही हुबेहूब विस्मृतीच्या रोग्यासारखा दिसतो, आणि त्या उदासीवर उपचार आहेत. रक्तदाबामुळे मेंदूच्या बारीक नळ्या बंद पडत गेल्या तर पायरी-पायरीने बुद्धी उतरते. तेथे रक्तदाब आवरला तर पुढची पायरी लांबवता येते. आणि काल चांगला असलेला माणूस आज एकदम बरळू लागला तर अल्झायमर समजून घरी ठेवू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असेल, रक्तातले मीठ उतरले असेल. तसेच उचलून दवाखान्यात न्या.

आप्पांच्या तपासण्यांत असे काही निघाले नाही. निदान अल्झायमरचेच झाले. विस्मृतीच्या रोग्यांपैकी शंभरात साठ-सत्तर याच आजाराचे असतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

औषधाचे खरे सांगावे तर डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमॅन्टिन अशा गोळ्या आहेत. त्या काहींना काही काळ थोडा आधार देतात. आजार थांबवत नाहीत. अमेरिकेत २०२३ साली लेकानेमॅब आणि २०२४ साली डोनानेमॅब ही सलाईनमधून द्यायची औषधे मंजूर झाली. ती मेंदूतल्या चकत्या काढतात आणि उतार थोडा मंद करतात, पण फक्त सुरुवातीच्या अवस्थेत, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करत. गेलेली स्मृती तीही परत आणत नाहीत. तेव्हा बुद्धी परत आणून देतो म्हणून चूर्ण-काढे विकणाऱ्याच्या हाती उसाचे बिल देऊ नका.

आपल्याकडे हे प्रमाण किती? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे साठीच्या पुढच्या शंभरांत सरासरी ७.४ जणांना विस्मृतीचा आजार आहे, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. शहरापेक्षा खेड्यात जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. सर्वसाधारण सभेच्या मंडपात साठीपुढचे पाचशे सभासद बसले असे धरले तर हिशेब पस्तीसच्या वर जातो. बायकांचे तर लवकर ध्यानातही येत नाही. आमटीत दोनदा मीठ पडले, दूध उतू गेले, की सून सांभाळून घेते आणि वर्ष निघून जाते.

काही गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली चौदा कारणे सांगितली. ती सगळी आयुष्यभर आवरली तर जगातील जवळजवळ निम्मे रोगी टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, डोक्याचा मार, एकटेपणा, कमी शिक्षण ही आहेत. कानाने कमी ऐकू येणे आणि डोळ्याने कमी दिसणे हीसुद्धा आहेत. मोतीबिंदू काढून घ्या आणि कानाच्या यंत्राची लाज बाळगू नका. साखर कारखान्याच्या अंकात मधुमेह सांभाळा असे लिहिणे जरा अवघड आहे, पण लिहिले पाहिजे.

घरात कसे वागावे

डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की वाद घालू नका. "आत्ताच तर सांगितलं!" हे वाक्य घरातून काढून टाका. त्यांच्यासाठी ते आत्ताच सांगितलेले नसते. पाहुण्यांनी "मी कोण, ओळखा पाहू" अशी परीक्षा घेऊ नये. नाव सांगूनच पाया पडावे. उठणे, जेवण, फिरणे रोज ठरल्या वेळी.

शेतकऱ्याच्या घराचे धोके वेगळे. विहिरीला कठडा, फवारणीची औषधे कुलपात, मोटारीच्या स्टार्टरची पेटी बंद, ट्रॅक्टरची किल्ली खिशात. सदऱ्याच्या खिशात नाव, गाव, फोन नंबरची चिठ्ठी शिवून टाकावी. वारीत, जत्रेत नेले तर हात सोडू नये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३चा मराठी चित्रपट मिळाला तर घरच्यांनी मिळून बघावा. त्यात स्मृती गेलेला संस्कृतचा पंडित रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत निघून जातो. ते काम मोहन आगाशे यांनी केले आहे, आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.

आप्पा रात्री दोनला उठायचे. "पाण्याची पाळी हाय." पहिल्यांदा आम्ही दार लावून घेतले, तर त्यांनी दार बडवून गल्ली जागी केली. मग चुलतभावाने युक्ती केली. बॅटरी त्यांच्या हातात द्यायची, गोठ्यापर्यंत चालत न्यायचे. "पोचलं का रं पाणी शेवटापातूर?" "पोचलं, आप्पा." एवढे झाले की परत येऊन झोपायचे. याला खोटे बोलणे म्हणत असतील तर म्हणोत.

आता कागदाचे. हा भाग सभासदांनी दोनदा वाचावा. असा माणूस घरात असला की बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र घेऊन अंगठ्यासाठी येणारे नातेवाईक उगवतात. आमच्याकडेही आले होते. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे करार करणारा माणूस त्या वेळी शहाण्या मनःस्थितीत असावा लागतो. मृत्युपत्रालाही तेच लागू. पुष्कळांना वाटते की मुखत्यारपत्र करून ठेवले की झाले. पण देणाऱ्याची समज गेली की साधे मुखत्यारपत्र कायद्याने संपते. म्हणून जे करायचे ते सुरुवातीच्या काळात, माणसाला समजत असताना, त्याच्या मनाने आणि डॉक्टरांचा दाखला जोडून करावे. ज्येष्ठ नागरिकाने सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर २००७च्या कायद्याने तो व्यवहार रद्द करून घेता येतो. कारखान्याच्या शेअरला वारसाचे नामनिर्देशन करता येते, त्याची तरतूद सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३० मध्ये आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने आप्पांनी तो फॉर्म वेळेत भरला. नाव कोणाचे लावायचे असे विचारले तर लगेच म्हणाले, "सूनबाईचं लावा."

हो, वहिनी परत आली होती. डॉक्टरांनी काय सांगितले ते चुलतभावाने तिच्या माहेरी जाऊन सांगितले. ती म्हणाली, "मामा आजारी हायत असं आधी कुणी सांगितलं असतं तर मी गेलेच नसते." त्यानंतर सहा वर्षे आंघोळ, जेवण, कपडे सगळे तिने केले. जगभरात अशा सेवेच्या शंभर तासांतले सत्तर तास बायकांच्या वाट्याला येतात, आमच्या घरात शंभरातले नव्वद आले असतील. मधे तिलाच झोप येईना, जेवण जाईना, विनाकारण रडू येई. आम्हाला ते उशिरा कळले. मग ननंद महिन्यातून आठ दिवस येऊ लागली आणि चुलतभाऊ रात्रीची पाळी घेऊ लागला, तेव्हा ती सावरली. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी सेवा करणारीकडेही बघावे. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ हा नंबर आहे, आणि मनोविकाराच्या डॉक्टरांसाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

पैसे सापडले ते आजार कळल्यानंतर वर्षभराने. पोरगा फवारणीचा जुना पंप धुवायला गेला तर टाकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले अठरा हजार. वहिनीने ते मोजले आणि काही न बोलता आप्पांसमोर ठेवले. आप्पा म्हणाले, "कुणाचं गं हे?"

आप्पा जाऊन आता दोन वर्षे झाली. शेअर वहिनीच्या नावावर झाला आहे, त्यामुळे हा अंकही आता तिच्याच नावाने घरी येतो. त्या वेळी माझ्या मनात जी शंका आली होती तिच्याबद्दल मी तिच्याशी कधी बोललो नाही. वहिनी, चुकलो.